पाकीट सुरू करायला तीन दिवस उशीर झाला, दिवस राहू शकतात का?

द्राक्षवेल | गुरुवार, रात्री ८:५०

नमस्कार मैत्रिणींनो. नाशिकला सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत कामाला आहे. वर्षभरापासून माला-एन ही गर्भनिरोधक गोळी चालू आहे, आशाताई आणून देतात. आजवर कधी चुकली नाही.

मागच्या पाकिटातली शेवटची तपकिरी गोळी शनिवारी घेतली आणि त्याच दिवशी निफाडकडे माहेरी गेले. चुलतभावाचं लग्न होतं. नवीन पाकीट घरीच राहिलं. मंगळवारी संध्याकाळी परतलो. बुधवारी सकाळी कपाट उघडल्यावर दिसलं, तेव्हा पहिली पांढरी गोळी घेतली. म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन राहिल्या. मंगळवारी रात्री संबंध आले होते, कंडोम नव्हता.

नणंदबाई म्हणतात, पाळी आत्ताच संपलीय, हे सुरक्षित दिवस आहेत, काही होत नाही. मिस्टर म्हणतात, पाकिटाच्या मधल्या गोळ्या राहिल्या असत्या तर भीती होती, सुरुवातीच्यांचं काय एवढं. मला मात्र कालपासून झोप नाही. मोठी मुलगी दीड वर्षाची आहे, इतक्यात दुसरं झेपणार नाही. कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

---

गावरान_मेवा | गुरुवार, रात्री ९:०५

घाबरू नकोस गं. कच्ची पपई खा दोन दिवस, आणि तिळगुळाचा काढा घे. आमच्याकडे सगळ्या हेच करायच्या.

---

अबोली_पंचवटी | गुरुवार, रात्री ९:२०

द्राक्षवेल, आधी महत्त्वाचं सांगते, कारण तुझ्याकडे वेळ मोजका आहे. आज रात्रीच मेडिकलमधून आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी आण. लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅम, एकच गोळी असते. आय-पिल, अनवॉन्टेड-७२ ही त्याचीच नावं. चिठ्ठी लागत नाही. संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितका उपयोग जास्त. तुझे दोन दिवस आताच होत आलेत. उद्यावर ढकलू नकोस. बाकीचं गोळी आणून झाल्यावर वाच.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षं कुटुंब नियोजनाच्या ओपीडीत गेली.

---

अबोली_पंचवटी | गुरुवार, रात्री ९:५५

आता सविस्तर लिहिते. तुझे मिस्टर जे म्हणाले तेच मी टेबलापलीकडून शेकडो बायकांकडून ऐकलंय, आणि ते बरोबर उलटं आहे. पाकिटाच्या मधली गोळी राहिली तर धोका कमी. सुरुवातीची किंवा शेवटची पांढरी राहिली तर धोका सगळ्यात जास्त.

कारण असं. पाकिटात २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी गोळ्या असतात. औषध फक्त पांढऱ्यांत. तपकिरी म्हणजे लोहाच्या गोळ्या, रोजची सवय मोडू नये आणि रक्त भरून निघावं म्हणून दिलेल्या. पांढऱ्या गोळ्यांतली हार्मोन्स बीजांडकोशाला झोपवून ठेवतात, बीज तयार होऊन फुटू देत नाहीत. तपकिरीच्या सात दिवसांत शरीराला हार्मोन मिळतच नाही, त्यामुळे बीजांडकोश हळूहळू जागा व्हायला लागतो. सात दिवसांनी पांढरी गोळी पोटात गेली की तो पुन्हा झोपतो. म्हणून हा सात दिवसांचा खंड चालतो. त्यापुढे ओढला की चालत नाही.

तुझ्या बाबतीत खंड सातऐवजी दहा दिवसांचा झाला. तुझं माहेर निफाडचं, तुला लगेच कळेल: छाटणी झाल्यावर वेलीचा डोळा आतल्या आत फुगत असतो, बाहेरून दिसेपर्यंत त्याची अर्धी तयारी झालेली असते. बीजाचं तसंच आहे. आठव्या-नवव्या दिवसानंतर ते कोणत्या टप्प्यावर आहे हे आपल्याला कळत नाही.

आणि "पाळी आत्ताच संपली, म्हणून सुरक्षित" हा नणंदबाईंचा हिशेब गोळ्या घेणाऱ्या बाईला लागूच पडत नाही. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत येते ती हार्मोन थांबल्यामुळे येणारी पाळी. तिच्यावरून बीज कधी फुटेल हे मोजता येत नाही. शिवाय पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणजे आज बाईचं बीज नसलं तरी परवा फुटलं तर गाठ पडू शकते.

दिवस राहतीलच असं मी म्हणत नाहीये. शक्यता खरी आहे आणि ती कमी करायचं साधन अजून हातात आहे, एवढंच.

पपई, तीळ, खजूर, काढे यांनी गर्भ राहायचा थांबत नाही. गावरान_मेवा, तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे कळतं, पण त्या नादात ७२ तास निघून जातात, आणि असं होताना मी फार वेळा पाहिलंय.

---

द्राक्षवेल | गुरुवार, रात्री १०:४०

ताई, मिस्टरांनी आत्ताच त्रिमूर्ती चौकातून गोळी आणली, घेतलीसुद्धा. आता माला-एन बंद करायची का? आणि ही गोळी घेतल्याने गर्भपात होतो का? जाऊबाई तसं म्हणतात. मला ते मनाला लागतंय.

---

अबोली_पंचवटी | गुरुवार, रात्री ११:००

छान केलंस. माला-एन अजिबात बंद करू नकोस. आजची गोळी घेतली नसशील तर आत्ताच घे, आणि रोज चालू ठेव. बुधवारी पहिली घेतलीस, म्हणजे आता बुधवार हाच तुझ्या पाकिटाचा वार झाला, तिथून पुढे सरळ मोजत जा. पुढचे सात दिवस कंडोम नक्की. सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात गेल्याशिवाय बीजांडकोश पुन्हा नीट झोपत नाही.

आणि नाही, गर्भपात होत नाही. ही गोळी मुख्यतः बीज फुटणं लांबवते. गर्भ आधीच रुजला असेल तर ती त्याला काही करत नाही. मनातून काढून टाक.

गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा घ्यावा लागतो. डोकं दुखणं, मळमळ, थोडं लाल डाग पडणं होऊ शकतं. पाळी थोडी मागे-पुढे होईल.

अजून एक पर्याय आहे तो सांगायलाच हवा: तांबी. संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीची, आणि वजन जास्त असलेल्या बायकांसाठी तर जास्तच, कारण त्यांच्यात या गोळीचा भरवसा कमी होतो. तुझे पाच दिवस रविवारी रात्री संपतात, रविवारी ओपीडी बंद, म्हणजे उद्या किंवा परवा सकाळी. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय किंवा नाशिकरोडचं बिटको रुग्णालय, दोन्हीकडे कुटुंब नियोजनाची सोय आहे, सरकारीत तांबीचे पैसे लागत नाहीत. दुसरं मूल काही वर्षं नको असेल तर नीट विचार कर. रोज गोळी आठवायचं ओझंच जातं.

---

सातपूरकर | शुक्रवार, सकाळी ७:१५

मी पुरुष आहे, तरी लिहितो. बायको गोळ्या घेते आणि माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे जेवण, झोप सगळ्याच्या वेळा हलतात. तिच्या गोळीला कधी दोन तास, कधी पाच तास उशीर होतो. तेवढ्यानेही धोका असतो का? आणि एखादी गोळी पूर्ण राहिली तर काय करायचं, हे एकदा सगळ्यांसाठी स्पष्ट लिहाल का? आम्ही दोघं मिळून वाचू.

---

अबोली_पंचवटी | शुक्रवार, सकाळी ९:३०

सातपूरकर, तुम्ही विचारलंत याचं फार बरं वाटलं. ओपीडीत नवरे बाहेर बाकावरच बसून राहायचे.

माला-एन, माला-डी आणि बहुतेक खाजगी पाकिटं दोन हार्मोनची असतात. यात काही तासांच्या उशिराने काही बिघडत नाही. आठवली की घ्यायची.

एक पांढरी गोळी पूर्ण राहिली, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वेळेला लक्षात आलं, तर राहिलेली लगेच घ्यायची आणि आजची आजच्या वेळी. एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. कंडोमची गरज नाही, आपत्कालीन गोळीचीही नाही.

दोन किंवा जास्त सलग राहिल्या तर त्यातली शेवटची राहिलेली एक लगेच घ्यायची, आधीच्या टाकून द्यायच्या, एकदम चार-पाच गिळायच्या नाहीत. पुढचे सात दिवस कंडोम. पुढचं सगळं पाकिटाच्या कोणत्या भागात हे झालं त्यावर ठरतं. पहिल्या सात पांढऱ्यांत झालं आणि अलीकडे कंडोमशिवाय संबंध आले असतील, तर द्राक्षवेलला सांगितलं तेच करायचं. मधल्या सातांत झालं आणि आधीच्या सात नीट घेतल्या असतील, तर फक्त कंडोम पुरे. शेवटच्या सातांत झालं, तर उरलेल्या पांढऱ्या संपवायच्या, तपकिरी टाकून द्यायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट सुरू करायचं. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा नुसते डाग दिसतील. त्याने अपाय नाही. बायकांना हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण पाळी चुकली की जीव घाबरतो. पण इथे ती आपण मुद्दाम चुकवतोय, खंड लांबू नये म्हणून.

तपकिरी राहिली तर काहीच करायचं नाही. ती टाकायची आणि पुढे जायचं.

एका हार्मोनच्या गोळ्याही मिळतात, बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायकांना डॉक्टर त्या लिहून देतात. त्यांना वेळेची शिथिलता कमी असते, प्रकारानुसार तीन तास किंवा बारा तास. पाकिटावरचं नाव बघून डॉक्टरांना विचारा, माला-एनचा नियम तिथे लावू नका.

---

नभा | शुक्रवार, दुपारी १:४०

माझा प्रश्न थोडा वेगळा. आम्ही त्र्यंबकेश्वरला एका पूजेला जाणार होतो म्हणून मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, मेडिकलवाल्याने दिल्या. त्या चालू असताना गर्भ राहत नाही असं समजून आम्ही काहीच वापरलं नाही. बरोबर ना?

---

अबोली_पंचवटी | शुक्रवार, दुपारी २:१५

नाही, नभा. हा गैरसमज आपल्या नाशकात तर फारच दिसतो, कारण इथे पूजा, सण, लग्न यांसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या बायका खूप. आता सिंहस्थ येतोय, पाहुणे, गंगेवर जाणं, हे अजून वाढेल. त्या गोळ्या साधारणपणे नोरएथिस्टेरॉनच्या असतात. पाळी यायच्या तीन-चार दिवस आधी सुरू करतात, तोवर बीज फुटून गेलेलं असतं. गर्भनिरोधक म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही. गोळ्या बंद केल्यावर काही दिवसांत पाळी आली नाही तर घरी तपासणी कर. संबंध येऊन तीन आठवडे झाले की किटचं उत्तर भरवशाचं.

ज्या बायका माला-एन घेतातच, त्यांना पूजेसाठी या वेगळ्या गोळ्या लागतच नाहीत. पांढऱ्या संपल्या की तपकिरी सोडून पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू करायच्या. पाळी पुढे जाते आणि संरक्षणही टिकतं.

---

मेघमल्हार | शुक्रवार, रात्री ११:३०

ताई, माझं लग्न झालेलं नाही. वय २१. कॉलेजसाठी नाशिकला खोली करून राहते. महिन्यातून दोन-तीनदा मी ती ७२ तासांची गोळी घेते, दुसरं काही मागायची लाज वाटते. मैत्रीण म्हणाली याने पुढे मूल होत नाही. खरं आहे का? सरकारी दवाखान्यात गेले तर लग्नाचं विचारतील, घरी कळवतील असं वाटतं.

---

अबोली_पंचवटी | शनिवार, सकाळी ८:१०

बाळा, तू विचारलंस हे बरं झालं. पुढे मूल होत नाही, हे खरं नाही. पण ही गोळी नेहमीसाठी नाही. एका वेळच्या संबंधांसाठी ती घेतात, पुढच्या वेळेला ती संरक्षण देत नाही. महिन्यात तीनदा घेतलीस तर पाळीचा मेळच लागणार नाही, आणि रोजच्या गोळ्या किंवा तांबीपेक्षा भरवसाही कमी. रोजच्या गोळ्या नीट घेतल्या तर वर्षात शंभरातल्या एकीलाही दिवस राहत नाहीत. अधूनमधून राहून गेल्या, तर शंभरात सातजणींना राहतात. कंडोम मात्र तुझ्यासाठी आवश्यकच, कारण गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवणारं यातलं तेवढं एकच साधन आहे.

तू सज्ञान आहेस. गर्भनिरोधक मागायला लग्नाचा दाखला लागत नाही, घरी कळवायचा डॉक्टरांना अधिकार नाही. कधी दिवस राहिलेच तर तेही लक्षात ठेव: गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाबद्दल "विवाहित स्त्री" ऐवजी "कोणतीही स्त्री" असं म्हटलंय. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि सज्ञान मुलीच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते. तिचं नाव गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. गर्भपाताच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर घेऊ नकोस. गर्भ नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो सुटत नाही आणि नळी फुटून जिवावर बेततं.

एखाद्या ठिकाणी कोणी वेडंवाकडं बोललं तर तिथून ऊठ आणि दुसरीकडे जा. दोष त्या बोलणाऱ्याचा आहे.

---

कृष्णकमळ | शनिवार, सकाळी ११:०५

अबोलीताईंना शंभर वेळा अनुमोदन. मेघमल्हार, मला एका दवाखान्यात "आईला घेऊन ये" म्हणाले होते. तशीच दुसरीकडे गेले, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दार लावून नीट समजावलं. तूही जा.

माझाही एक प्रश्न आहे. मी छाया ही गर्भनिरोधक गोळी घेते. आठवड्याला एक असते, ती पाच दिवस उशिरा घेतली. याला वरचाच नियम का?

---

अबोली_पंचवटी | शनिवार, दुपारी १२:२०

नाही, छायाचा हिशेब वेगळा. छाया आणि बाजारातली सहेली एकच: सेंटक्रोमन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं आपल्या देशातलं औषध. यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नसतं, म्हणून मळमळ वगैरे कमी आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी, नंतर एकाच वारी. राहिली तर आठवताक्षणी घे. उशीर सात दिवसांपेक्षा कमी असेल तर पुढची नेहमीच्या वारीच, आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम. सात दिवसांच्या वर गेला तर नव्याने सुरुवात, म्हणजे पुन्हा तीन महिने आठवड्याला दोन. तू पाच दिवसांत आहेस, त्यामुळे पहिला नियम. कॅलेंडरवर वाराला गोल करून ठेव. रोजची गोळी हाताला सवयीने लागते, आठवड्याची सहज निसटते.

---

द्राक्षवेल | शनिवार, दुपारी ४:३०

ताई, सकाळी मिस्टरांना घेऊन दवाखान्यात जाऊन आले. तांबीबद्दल सगळं समजावून घेतलं, तपासणी झाली आणि बसवलीच. पोटात थोडं कळ मारतंय. आता माला-एन थांबवू का? आणि खात्रीसाठी तपासणी कधी करू? नणंदबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. एक त्यांच्यासाठीच विचारते: त्यांना टीबीची औषधं चालू झालीत आणि त्या पण माला-एन घेतात. काही अडचण आहे का?

---

अबोली_पंचवटी | शनिवार, सायंकाळी ५:१०

वा! तांबी तत्काळ काम सुरू करते, त्यामुळे माला-एनची गरज उरत नाही. बंद कधी करायची ते बसवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं कर. कळ एक-दोन दिवस येते. ताप आला, घाण वासाचा स्राव झाला किंवा दुखणं वाढत गेलं तर वाट न बघता जा.

तपासणी मंगळवारच्या त्या रात्रीपासून पुरे तीन आठवडे झाल्यावर. पाळी आल्यासारखं वाटलं तरी कर. आशाताईंकडे निश्चय किट विनामूल्य मिळतं. सकाळची पहिली लघवी घे. दुसरी रेघ फिकट आली तरी ती धरायची आणि डॉक्टरांकडे जायचं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ मात्र धरायची नाही. आणि मध्येच ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर किट बाजूला ठेवून थेट रुग्णालय.

नणंदबाईंचं मात्र आजच सांग. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं, त्याने या गोळ्यांतलं हार्मोन शरीरातून फार लवकर निघून जातं. रोज न चुकता घेतली तरी माला-एनचा भरवसा राहत नाही, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही तो परिणाम चार आठवडे टिकतो. आपत्कालीन गोळीही कमी पडते. फिटच्या काही औषधांचं, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचं, असंच आहे. सर्दी-खोकल्याच्या साध्या अँटिबायोटिकचं तसं नाही, त्याची भीती नको. टीबीचं औषध कुठल्याही परिस्थितीत सोडायचं नाही, बदलायचं ते गर्भनिरोधक. तांबी किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, दोन्हींवर रिफॅम्पिसिनचा परिणाम होत नाही. तोवर कंडोम. टीबीच्या गोळ्या ज्या केंद्रातून मिळतात तिथेच सोमवारी विचारायला सांग, आणि जमलं तर तू सोबत जा.